आप्पांच्या मळ्यातला नाताळ

खरं सांगायचं तर त्या वर्षी नाताळचं नाव काढलं तरी माझ्या कपाळाला आठी पडत असे. पाळकाच्या मुलीला ही कबुली शोभत नाही, पण अनुभव लिहायचा तर आधी मन कसं होतं तेही लिहायला हवं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि बेळगावात मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. रोज सकाळी मुलींबरोबर डोळे मिटून प्रार्थना म्हणायची आणि मिटल्या डोळ्यांनी आज फळ्यावर काय लिहायचं ते ठरवायची. देव आहे याबद्दल मला शंका नव्हती. तो माझ्या बोलण्याकडे लक्ष देतो का, याबद्दल मात्र दाट शंका होती. मी मागायची, तो ऐकून घ्यायचा, आणि पुढे काहीच व्हायचं नाही. असं बरेच दिवस चाललं की माणूस मागणंच सोडतो आणि सगळं आपणच करायला लागतो. माझं तेच झालं होतं.

आमचं गाव निपाणीहून सदलग्याकडे जाणाऱ्या वाटेपासून थोडं आत. तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणजे माझे वडील. त्यांना मीही अण्णाच म्हणत असे आणि सगळा गावही. सबंध आयुष्य त्यांनी त्या पत्र्याच्या छपराच्या मंदिरात काढलं होतं. आता त्यांचा आवाज गेला होता. घशाला काय झालं ते डॉक्टरलाही नीट सांगता येईना. बोलायला लागले की दोन वाक्यांनंतर नुसतीच हवा यायची. नव्या वर्षात दुसरे पाळक येणार हे ठरलेलं होतं. म्हणजे पाळक म्हणून अण्णांचा हा शेवटचा नाताळ. तो असा व्हावा की अण्णांनी मागे वळून बघावं आणि म्हणावं, हो, काही उभं राहिलं आपल्या हातून. मला दुसरं काही नको होतं.

आणि ते देवावर सोडण्याइतकी मी भोळी नव्हते. बेळगावच्या कॅम्पातल्या चर्चमध्ये मी गोऱ्या लोकांचा नाताळ पाहिला होता. शुभ्र कपडे, मेणबत्त्या, चार वेगवेगळ्या आवाजांत एकत्र म्हटलेलं गीत. आमच्या गावात तसंच करायचं मी ठरवलं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून दर शनिवारी शाळा सुटली की सर्व्हिस मोटारीने धूळ खात गावी यायचं, रविवारी दुपारी तरुण संघाची तालीम घ्यायची आणि सोमवारी पहाटेच्या मोटारीने परत जायचं. संघात अठरा जण होते, सगळे सोळा ते बाविशीतले, सगळे मजुरीवर जाणारे. आणि त्या अठरांपैकी एकालाही चार आवाजांत गाणं म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यांना खालचा स्वर दिला ते शेजारच्याचं ऐकून चालीवर यायचे. चालीवर आले की खुशीत यायचे आणि खुशीत आले की मोठ्याने म्हणायचे. मी पेटी बंद करून टाळी वाजवायची, पुन्हा पहिल्यापासून. आठ आठवडे हेच.

शिवाय मी आणखी एक खूळ काढलं होतं. नाताळच्या उपासनेत प्रत्येकाने उभं राहून, आपल्यासाठी नाताळ म्हणजे काय, ते दोन मिनिटं सांगायचं. तरुणांच्या तोंडून विश्वासाची साक्ष ऐकून अण्णांना समाधान वाटेल, असा माझा हिशेब. पण अठरातल्या पंधरांनी बायबलातलं एकच वचन पाठ करून आणलं, आणि तेही एकाच जागी अडखळत. सुमित्रा नावाची मुलगी उभी राहिली, पदराचं टोक तोंडात धरलं आणि म्हणाली, “करंज्या.” मग सगळा संघ पाच मिनिटं हसत होता. त्यांचा म्होरक्या यशवंत, वीस वर्षांचा, काळाभोर, तोंडाने फटकळ. त्याला विचारलं तर म्हणाला, “आक्का, नाताळ तंबाखूच्या सुगीत येतो. दुसरं काय सांगू?”

मला संताप आला, पण त्याचं खोटं नव्हतं. आमच्या भागात डिसेंबरपासून तंबाखूची कापणी सुरू होते. कापलेला पाला रानातच पसरून ठेवतात. उन्हाने तो वाळतो, आणि वाळला की पहाटे दव पडल्यावरच त्याला हात लावता येतो. दवाने पान मऊ पडतं, तेव्हा ते गोळा करून गठ्ठे बांधायचे. ऊन वर आलं की पान कुरकुरीत होतं आणि नुसतं धरलं तरी चुरा होतो. त्यामुळे उगवतीपासून नऊपर्यंतचे काय ते दोन-तीन तास. आणि त्याच तासांत मी त्यांना रविवारच्या शाळेला बोलवायची. ते यायचे ते हात पाठीमागे धरून. तंबाखूचा चीक बोटांना असा चिकटतो की काळे डाग आठवडाभर निघत नाहीत. मी शिक्षिका असल्यामुळे हात पुढे करायला लावून ते बघायची. नाताळला पांढरे कपडे आणि स्वच्छ हात, अशी माझी सक्त ताकीद होती. मंदिरात सुरूची एक मोठी फांदी आणून मी ती कापसाने सजवून ठेवली होती. त्या फांदीलाही कुणी डागाळल्या बोटांनी हात लावलेला मला खपत नव्हता.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची तालीम होती. दोनच दिवसांपूर्वी आप्पांचे थोरले भाऊ वारले होते. आप्पा म्हणजे आमच्या मंदिराच्या मागचा मळा ज्यांचा, ते जैन शेतकरी. त्यांच्या घरी दुःख होतं, त्यामुळे पेटी हळू वाजव, असं अण्णांनी मला सांगितलं होतं. मी वाजवली हळू. पण संघाचं लक्षच नव्हतं. एकेक जण दारातून आभाळाकडे बघत होता. आभाळ भरून आलं होतं, ते मलाही दिसत होतं, पण आभाळाचा आणि खालच्या स्वराचा काय संबंध? शेवटी मी झाकण आपटून पेटी बंद केली आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बोलले. तुम्हाला देवाची चाड नाही, अण्णांची नाही, तुमच्यासाठी मी आठ आठवडे मोटारीची धूळ खाल्ली त्याची तर नाहीच नाही. यशवंत एवढंच म्हणाला, “आक्का, उद्या सकाळी जरा उशीर हुईल.”

“किती?”

“जरा.”

मी म्हटलं, नऊच्या ठोक्याला जो पांढऱ्या कपड्यांत दारात नसेल त्याने पुन्हा माझ्यासमोर येऊ नये. मान खाली घालून ते निघून गेले. सुमित्रा दाराशी थांबून काहीतरी सांगणार होती, पण यशवंतने तिला डोळ्यांनी दटावलं.

नाताळच्या दिवशी फटफटताना अण्णा उठले, गळ्याला मफलर गुंडाळला आणि म्हणाले, “आप्पांकडं जाऊन येतो जरा.” दुःखाच्या घरी भेटून येणं हे पाळकाचं कामच, म्हणून मी चहा पुढे केला. साडेसात वाजता मी मंदिर उघडलं. साडेआठला घंटा दिली. नऊ वाजता आत चार म्हाताऱ्या बाया, एक रडकं मूल आणि मी. अठरांपैकी एकही नाही. अण्णाही नाहीत. सव्वानऊला त्या बायांनी एकमेकींकडे बघितलं, घरी चुलीवर काहीतरी ठेवल्याचं त्यांना आठवलं, आणि “पोरं आली की हाक मार गं” म्हणून त्या उठून गेल्या. मूलही गेलं.

त्या रिकाम्या मंदिरात पेटीपुढे बसून मी जी प्रार्थना केली ती कुठल्याही पुस्तकात सापडायची नाही. मी म्हटलं, प्रभो, बस झालं. तुझा वाढदिवस, तुझी माणसं, तूच बघ काय ते. त्या म्हाताऱ्याने आवाज जाईपर्यंत तुझी सेवा केली आणि त्याच्या शेवटच्या नाताळला तुला अठरा टाळकी वेळेवर आणता येत नाहीत? मी उद्याच्या मोटारीने जाते, आणि यापुढे तुझं नि माझं जेवढ्यास तेवढं. हे मी मोठ्याने म्हणाले की मनात, ते आता आठवत नाही. रडत होते एवढं आठवतं.

“यव्वा! गाणं कुठं हाय?”

मी दचकून मागे बघितलं. दारात एक म्हातारी उभी होती. अंगावर इरकली लुगडं, डोक्यावर गाठोडं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. चेहरा माझ्याहून वैतागलेला. ती चिकोडीकडून चालत आली होती आणि निपाणीला लेकीकडे निघाली होती. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. ख्रिस्ती होती. नाताळचा दिवस वाटेतच उजाडला, तेव्हा वाटेत जे देऊळ लागेल तिथे दोन गाणी ऐकून पुढे जावं, असं ठरवून ती पहाटेपासून चालत होती.

मी म्हटलं, “आजी, आज इथं गाणं नाही. गाणारी माणसं पळाली.”

“पळाल्यात कुठं? त्या मागच्या रानात तंबाखू गोळा करायल्यात की समदी. त्येनीच मला देऊळ दाखवलं.” मग तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझी पांढरी साडी, इस्त्रीचं पोलकं, रडून सुजलेले डोळे. “आनि तू हितं काय करायलीस?”

मी उठले ते त्यांना मळ्यातून ओढून आणायला. देव साक्षी आहे, दुसरा कुठलाही सद्‌विचार माझ्या मनात नव्हता. मजुरीसाठी प्रभूचा दिवस विकला, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचं ठरवूनच मी आप्पांच्या बांधावरून निघाले. म्हातारी गाठोडं सावरत मागून येत होती आणि माझ्या भरभर चालण्याला कानडीत नावं ठेवत होती.

मळ्यात शिरायची वाट विहिरीवरून जाते. विहिरीशेजारी चिंचेचं जुनं झाड आहे. त्याच्या खालच्या फांद्यांना पांढरी गाठोडी लटकत होती. मी थांबले. एकाचं टोक सुटलं होतं, त्यातून सदऱ्याची बाही दिसत होती. मी मोजली. अठरा होती. प्रत्येकाने नाताळचे पांढरे कपडे धुऊन, घडी करून, स्वच्छ फडक्यात बांधून आणले होते आणि मातीला लागू नयेत म्हणून उंच टांगले होते. विहिरीच्या काठावर हात घासायला राख आणि चिंच काढून ठेवली होती. मंदिरातल्या माझ्या सुरूच्या फांदीची मला तिथे आठवण झाली, आणि का कोण जाणे, लाज वाटली.

पण राग असा एकदम जात नाही. पुढे गेले तर ओळीने अठरा पाठी वाकलेल्या, आणि त्यांच्या मधोमध, कोट काढून, धोतर खोचून, गुडघ्यांवर बसलेले अण्णा. गळ्यात मफलर तसाच. पान उचलत होते, खोकत होते, पुन्हा उचलत होते. माझा तोल गेला. मी यशवंतवर ओरडले, “अरे लाज आहे का? त्या आजारी माणसाला कामाला लावलंत?”

यशवंत उभा राहिला. काळे हात अंगापासून दूर धरून म्हणाला, “आम्ही न्हाय आक्का. अण्णांनीच आम्हास्नी आणलंय. काल दुपारीच सांगितलं त्येनी. तुमास्नी सांगू नका म्हणून बजावलं, म्हणून गप बसलो.”

मी अण्णांकडे वळले. ते उठले नाहीत. त्या फाटक्या आवाजात, मध्ये श्वास घेत घेत म्हणाले, “पोरी, आप्पांच्या घरात सुतक. गडी निपाणीला गेलेले. पाला रानात पडलाय आणि आभाळ बघ. पाऊस झाला तर चीक धुऊन जाईल, पान कुजेल, वर्ष गेलं त्यांचं. ते मागायला यायचे नाहीत.” मग थोडं थांबून, “तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. दोन महिने खपलीस, नको म्हणायचा तुझा हक्कच होता. म्हणून विचारलं नाही.”

मी लहान असताना गावात आमच्या वस्तीला पाणवठ्यावर कुणी येऊ देत नव्हतं. आई ओढ्यातून गढूळ पाणी आणून फडक्यातून गाळायची. तेव्हा आप्पांनी ही विहीर आम्हाला मोकळी केली, आणि त्यापायी स्वतःच्या भाऊबंदांची बोलणी खाल्ली. ते पाणी पिऊन मी वाढले होते. आणि काल मी त्याच आप्पांच्या घराच्या मागे झाकण आपटून देवाची चाड या विषयावर अठरा जणांना व्याख्यान दिलं होतं. ते अठरा जण आभाळाकडे का बघत होते, ते मला आत्ता कळत होतं. मला इतकी चीड आली, इतकी, की रडूही येईना. ती आता माझी मलाच आली होती.

म्हातारीने मात्र कसलीच वाट बघितली नाही. तिने गाठोडं बांधावर टाकलं, लुगडं खोचलं आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, “बघत काय उभारलीस? वाक की.” मी वाकले. पांढऱ्या साडीसकट.

आता जे झालं ते झालं तसं सांगते. त्या दिवशी ऊन पडलं नाही. नऊला जे पान कुरकुरीत व्हायला हवं ते अकरा वाजले तरी हातात मऊ येत होतं. पाऊस येईल येईल म्हणून आम्ही सगळे वर बघत होतो आणि तो येत नव्हता. पान उचलता उचलता ती म्हातारी गायला लागली. माझ्याच गीताची चाल, शब्द कानडी. तिच्या मागून सुमित्रा, मग यशवंत, कुणी कानडीत, कुणी मराठीत, जसं येईल तसं. चार आवाज वगैरे काही नव्हतं, सगळे एकाच चालीवर, मोठ्याने. आठ आठवडे मी त्यांना ज्यावरून ओरडत होते तेच करत होते. मीही चालीवर आले.

शेवटचा गठ्ठा छपराखाली गेला तेव्हा बारा वाजत आले होते. आप्पा घरातून बाहेर आले, केस विस्कटलेले, डोळे लाल. म्हणाले, “पाळकबुवा, माझ्यापायी सण मोडला तुमचा.” अण्णा म्हणाले, “मोडला न्हाय आप्पा. लांबला जरा.”

राख आणि चिंचेने हात घासले, पण चीक तो चीक. पांढऱ्या कपड्यांत काळ्या हातांचे अठरा जण मंदिरात बसले, चार म्हाताऱ्या बाया परत आल्या, रडकं मूलही आलं. सुरूच्या फांदीवरचा कापूस कुणाच्या तरी धक्क्याने काळा झाला, आणि तो पुसायला कुणी उठलं नाही. अण्णा उपदेशाला उभे राहिले, पण आवाजच निघेना. मग त्यांनी उपदेश सोडून दिला आणि थेट प्रभुभोजनाचा, ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा, पाव घेतला. त्याच हातांनी तो मोडला आणि ओळीने सगळ्यांना दिला.

पाव कडूजहर होता. त्यांच्या बोटांचा चीक त्याला लागला होता. पहिला घास घेतलेल्या यशवंतचं तोंड वाकडं झालं, सुमित्राने पदर तोंडाला लावला, आणि गंभीर राहायचा इतका प्रयत्न करूनही सगळ्या ओळीच्या खांद्यांना हसू फुटलं. मीही हसले. कडू पाव जिभेवर, डोळ्यांत पाणी, आणि हसू थांबेना. कित्येक महिन्यांत मी देवाच्या इतकी जवळ बसले नव्हते. तो काही बोलला असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, की आपलं ऐकलं जात नाही ही माझी तक्रार त्या क्षणी मला आठवलीसुद्धा नाही.

नाताळ म्हणजे काय, हे त्या दिवशी कुणी उभं राहून सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अण्णा आशीर्वाद द्यायला हात वर करतात तोच पत्र्यावर पाऊस कोसळला. पाळक म्हणून नाताळचा त्यांचा शेवटचा आशीर्वाद, आणि एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. नुसते त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आणि वर केलेले काळे हात. दाराबाहेर वळचणीखाली आप्पा उभे होते. सुतक म्हणून आत आले नव्हते. ते हात जोडून उभे होते.

पाऊस ओसरल्यावर म्हातारी निघाली. फराळाच्या पुरचुंडीला तिने आधी नको म्हटलं आणि मग दोन घेतल्या. गडबडीत मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. पुढे चिकोडीच्या मंडळीत आणि निपाणीत लेकीकडे येणारी अशी कुणी म्हातारी आहे का म्हणून मी खूप चौकशी केली, कुणाला सांगता आलं नाही. माणसं येतात जातात, यात नवल काय. पण ती त्या दिवशी आली नसती तर मी दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने खरंच गेले असते, आणि नुसती बेळगावला गेले नसते, हे मला माहीत आहे.

अण्णांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. यशवंत स्वतः मंडळीचा वडील, म्हणजे कारभार बघणारा पंच, झाला आहे आणि तरुणांवर माझ्यापेक्षा जास्त ओरडतो. मी अजून दरवर्षी नाताळची तालीम घेते. पोरं अजून उशिरा येतात, खालचा स्वर अजून चालीवर येतो आणि माझ्या कपाळाला अजून आठी पडते. स्वभाव काही गेला नाही. पण पेटीचं झाकण आपटायच्या आधी आता मी क्षणभर थांबते आणि दारातून आभाळाकडे बघते. प्रभुभोजनाचा पाव गोड लागला की त्या कडू घासाची आठवण येते आणि त्या मळ्यातल्या प्रत्येक हातासाठी मी उपकार मानते. आणि मग मनातल्या मनात म्हणते, प्रभो, तुझा सण तू तुझ्या पद्धतीने कर. फक्त मला आधी सांगत जा. नाही सांगितलंस तरी येईन मी. पांढऱ्या साडीसकट.